‘डिटॉक्स’चा डबा आणि आपलं ताट

 

आम्ही चाकण एमआयडीसीच्या कडेच्या एका गावातल्या बचत गटाच्या बायका. आज जे सांगणार आहोत त्यात आमची एक चूक आहे. चूक चारचौघींत सांगायला लाज वाटते. पण गटाच्या बैठकीत आपण पैशाचा हिशेब उघड मांडतो ना, तसाच हा हिशेब आहे असं समजा.

आमच्या गटाचा धंदा डब्यांचा. खराबवाडी, महाळुंगे, निघोजे या बाजूला कंपन्यांत कामाला आलेली पोरं खोल्या करून राहतात. कुणी मराठवाड्यातलं, कुणी विदर्भातलं, कुणी पार बिहारचं. पहिल्या पाळीचा डबा पहाटे पाचला तयार लागतो, दुसऱ्या पाळीचा दुपारी एकला. तीन पोळ्या, एक भाजी, आमटी, भात. सत्तर रुपये डबा. नफा थोडा, पण दर महिन्याचा.

मागच्या वर्षी आमच्यातली एक बाई मोशीच्या एका सोसायटीत स्वयंपाकाला जायला लागली. ती एक दिवस म्हणाली, “अगं, आमच्या मॅडमकडे डबा येतो. त्यात पोळी नाही, भात नाही, दूध-दही नाही. नुसता पाला आणि रस. आणि दिवसाचे पाचशे रुपये!” आम्ही सगळ्या हसलो. मग हसू थांबलं आणि हिशेब सुरू झाला. पाल्याचे पाचशे मिळत असतील तर आपण पहाटे उठून सत्तर रुपयांसाठी पोळ्या का लाटतोय?

त्या डब्याला म्हणतात ‘प्लांट-बेस्ड डिटॉक्स’. प्लांट-बेस्ड म्हणजे फक्त झाडा-रोपापासूनचं खाणं. दूध, तूप, अंडी, मटण काहीच नाही. आणि डिटॉक्स म्हणजे, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, शरीरात साठलेली घाण बाहेर काढणं. त्याच सोसायटीतल्या काही जणी आमच्या बाईला म्हणाल्या, “तुम्ही करून द्याल का असे डबे? तीस डबे रोज घेऊ.” तीस डबे! त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

आम्ही बैठक घेतली. ठरलं असं की, करण्याआधी आपण स्वतः खाऊन बघू. विकणारीला चव माहीत पाहिजे. गटाच्या नफ्यातून सात हजार रुपये काढले, रीतसर ठराव लिहिला, आणि सात दिवसांचे दोन डबे एका कंपनीकडून मागवले. दोघी जणी खाणार, बाकीच्या वजन करणार आणि वहीत लिहिणार. खाणाऱ्या दोघींत एक पस्तिशीची, आणि एक आमच्या सगळ्यांत मोठ्या मावशी. मावशींचं वजन जास्त आणि गुडघे दुखायचे, म्हणून त्या हौसेने पुढे झाल्या.

नाव नोंदवताना कंपनीने उंची विचारली, वजन विचारलं, किती किलो कमी करायचंय ते विचारलं. आजार कोणता, गोळ्या कोणत्या, हे विचारलं नाही. आणि मैत्रिणींनो, आम्हीही विचारलं नाही. तीच आमची चूक.

पहिल्या दिवशी सकाळी मोटरसायकलवरून पोरगा डबा घेऊन आला. सकाळी हिरवा रस: पालक, काकडी, दुधी, पुदिना. दुपारी कच्ची कोशिंबीर आणि भाज्यांचं पातळ सूप. चार वाजता फळांच्या फोडी. रात्री पुन्हा सूप. पस्तिशीची म्हणाली, “पोट हलकं वाटतंय.” मावशी काही बोलल्या नाहीत. रात्री त्यांनी सुनेला भाकरीचा वास येतोय म्हणून दार लावायला सांगितलं.

तिसरा आणि चौथा दिवस नुसत्या रसाचे होते. डब्यासोबत एक कागद आला होता, छान रंगीत. त्यावर लिहिलं होतं की, या दिवसांत डोकं दुखेल, गरगरेल, हातपाय गळतील. घाबरू नका, शरीरातलं विष बाहेर पडतंय याची ती खूण आहे.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता मावशी आमच्याबरोबर पोळ्या लाटत होत्या. लाटणं हातातून सुटलं. कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. आम्ही काय केलं असेल? तो कागद काढला आणि वाचला. “मावशी, लिहिलंय बघा, असं होतंच.” त्यांना भिंतीला टेकून बसवलं. कंपनीच्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “चांगलं लक्षण आहे, चालू ठेवा.” आणि आम्ही वीस मिनिटं बसून राहिलो. मावशी काहीतरी असंबद्ध बोलायला लागल्या, तेव्हा एकीने धावत जाऊन आशाताईंना आणलं.

आशाताईंनी कागद बघितलाच नाही. त्यांनी एकच विचारलं, “मावशी शुगरची गोळी घेतात का?” आम्ही एकमेकींची तोंडं बघत राहिलो. सुनेला माहीत होतं. मावशी दोन वर्षं गोळी घेत होत्या. गटात सांगितलं नव्हतं, कारण शुगर आहे म्हटल्यावर पहाटेच्या कामातून आपल्याला काढतील अशी त्यांना भीती. त्या दिवशीही सकाळी गोळी घेतली होती, आणि वर नुसता पेलाभर पाल्याचा रस.

बोट टोचून बघितलं तर साखर ५२. सत्तरच्या खाली गेली की ती कमी समजतात. मावशी शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून आशाताईंनी लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग पोळी-भाजी खायला दिली. तासाभरात मावशी उठून बसल्या आणि पहिलं काय म्हणाल्या? “माझी पोळी करपली का गं?” आम्ही रडलो आणि हसलो.

दुपारी आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरताईंनी जे समजावलं ते तुम्ही नीट ऐका, कारण आज घराघरात शुगरच्या गोळ्या आहेत. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणतात. तुम्ही जेवलात की नाही हे गोळीला कळत नाही. जेवण कमी केलं आणि गोळी तेवढीच ठेवली तर साखर घसरते. घाम, थरथर, धडधड, गरगरणं, भान हरपणं ही तिची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल तर साखर-पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

मग आम्ही विचारलं, “पण ताई, घाण बाहेर काढायची तर असते ना?” त्या म्हणाल्या, “त्यासाठी देवाने दोन कामगार दिलेत, यकृत आणि मूत्रपिंडं. तीन पाळ्यांत काम करतात, सुट्टी घेत नाहीत. त्यांना पाणी द्या, पुरेसं जेवण द्या, तंबाखू-मिश्रीपासून लांब ठेवा. रस पाजून ते जास्त काम करतील असं काही नाही.” आम्हाला ते पटलं. पण सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. त्या कागदाने आजाराच्या लक्षणाला चांगल्याची खूण म्हटलं होतं. चक्कर आली की घाबरावं हे आपल्याला आईने शिकवलंय. तो कागद सांगत होता, घाबरू नका. आणि रंगीत छापलेलं होतं म्हणून आम्ही आईपेक्षा त्याचं ऐकलं.

दुधीच्या रसाची गोष्टही त्या दिवशी कळली. दुधी, काकडी, दोडका ही एकाच कुळातली पिकं. एखादं फळ कडू निघालं तर त्यात विषारी द्रव्य असतं. भाजी करताना कडू लागलं की आपण एक घास थुंकतो आणि टाकून देतो. रसात मात्र आलं, पुदिना, लिंबू असतं. कडूपणा झाकला जातो, आणि ‘औषध कडूच असतं’ म्हणून माणूस अख्खा पेला पितो. २०१८ च्या जूनमध्ये आपल्या पुण्यात असा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाला. २०१० मध्ये दिल्लीतही असं घडलं होतं, आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला सोपा आहे: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघा, कडू असेल तर टाकून द्या. कडू रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब सुरू झाले तर लगेच दवाखाना गाठा. या विषावर उतारा नाही.

आता आमच्या पस्तिशीच्या मैत्रिणीचं काय झालं? तिने सात दिवस पुरे केले. अडीच किलो वजन उतरलं. दहा दिवसांत दोन किलो परत आलं. डॉक्टरताई म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात उतरतं त्यात पाणीच जास्त असतं. पण तिला एक फायदा झाला, तोही प्रामाणिकपणे सांगतो. तिच्या लक्षात आलं की आपण भाज्या किती कमी खातो. भाजी घरात येते, पण ती नवऱ्याच्या डब्यात, पोरांच्या डब्यात जाते. आपल्या वाट्याला रस्सा आणि भाकरी. मधल्या वेळी फळ खायचं असतं हे तिने लग्नानंतर पहिल्यांदाच अनुभवलं.

मग आम्ही वही उघडली. त्या डब्यातला माल तोलून लिहिला होता. चाकणच्या बाजारभावाने दिवसाचा माल सव्वाशे रुपयांच्या वर जात नव्हता. आणि डाळ? पहिल्या चार दिवसांत चमचाभरही नाही. बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं आणि २९ मिलिग्रॅम लोह लागतं, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. शंभर ग्रॅम डाळीत बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पाल्याच्या रसात ती कुठून येणार? रस गाळला की चोथा जातो, म्हणजे पोट साफ ठेवणारी गोष्टच फेकली जाते.

आणि आपण कोण आहोत? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे गटात दहा जणी बसल्या तर त्यातल्या पाचाहून जास्त. पोटाला चिमटा काढून जगणं आपल्याला शिकवावं लागत नाही, ते आपण जन्मापासून करतोय. जिचं ताटच अर्धं आहे, तिने त्यातलं आणखी कमी करायचं आणि त्यासाठी पाचशे रुपये मोजायचे?

कुणी म्हणेल, मग उपास वाईट का? आळंदी-देहू आमच्या शेजारी आहेत, एकादशी आमच्या घरात आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हेही आमच्याच घरात आहे. धडधाकट माणसाने श्रद्धेने एक दिवस उपास केला तर त्यात भांडण नाही. पण गरोदर बाई, अंगावर पाजणारी, शुगर-बीपीच्या गोळ्या घेणारी, रक्त कमी असलेली, मुतखड्याचा त्रास असलेली, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रसावर राहू नये. कच्च्या पालकाचा रस रोज पेलाभर घेणं मुतखड्याला आमंत्रण ठरू शकतं.

आमच्यातल्या एकीची आई उरळी कांचनच्या आश्रमात राहून आली होती. ती म्हणाली, रस आणि कच्च्या भाज्या हे काही आजचं नाही. खरंच आहे. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी उरळी कांचनला आले, आठवडाभर राहिले आणि गावकऱ्यांवर निसर्गोपचार सुरू केले. त्याआधी पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. पण शहरातल्या केंद्रात गरीब माणूस येणार नाही, उपचारच खेड्यात गेला पाहिजे, असं गांधीजींच्या मनाने घेतलं. पुढे मणिभाई देसाई यांनी तिथेच राहून ते काम वाढवलं. माती, पाणी, ऊन, साधं जेवण, म्हणजे गावात फुकट किंवा स्वस्तात मिळेल तेच औषध. आता तीच गोष्ट पाचशे रुपयांच्या बाटलीत भरून येते, आणि तपासणारं माणूस तेवढं गळून जातं. आमच्या मैत्रिणीच्या आईला आश्रमात आधी तपासलं होतं, गोळ्या विचारल्या होत्या, मग काय खायचं ते सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट. गांधीजींनी गाई-म्हशीचं दूध सोडण्याचं व्रत घेतलं होतं. पण मोठ्या आजारपणानंतर त्यांना शेळीचं दूध घ्यावं लागलं. दुधाची जागा घेईल असं झाडापासूनचं काही आपल्याला सापडलं नाही, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं. आज आपल्याला कळतं की बी-१२ नावाचं जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. ते कमी पडलं की हातापायाला मुंग्या येतात, थकवा येतो. म्हणून जिला दूध-अंडी पूर्ण सोडायची आहेत तिने जरूर सोडावीत, पण बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

आता त्या तीस डब्यांचं काय झालं, ते ऐका. आम्ही पुन्हा बैठक घेतली. वाद झाला. एक म्हणाली, “आपण काय डॉक्टर आहोत? लोक मागतात, आपण द्यायचं.” तिचंही खोटं नव्हतं, तिच्या पोराची फी भरायची होती. शेवटी मावशी बोलल्या. “मी तुमच्या डोळ्यांसमोर होते म्हणून वाचले. त्या सोसायटीतली बाई दार लावून एकटी असेल.” त्यानंतर कुणी बोललं नाही.

आम्ही सोसायटीला निरोप दिला: झाडापासूनचा डबा आम्ही देऊ, दूध-तूप न घालता देऊ, पण नुसत्या रसाचे दिवस ठेवणार नाही आणि डब्यावर ‘डिटॉक्स’ लिहिणार नाही. मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. त्यांनी तीस डब्यांची ऑर्डर दुसरीकडे दिली. नुकसान झालं, ते लपवत नाही. पण नऊ घरांनी आमचा डबा घेतला. त्यातल्या दोन घरांनी स्वतःहून सांगितलं की आमच्याकडे शुगरचं माणूस आहे. आता आमच्या नोंदवहीत पत्त्याच्या आधी तोच रकाना आहे: आजार काय, गोळी कोणती.

आमच्या डब्यात असतं तरी काय? दोन ज्वारीच्या किंवा बाजरीच्या भाकरी, मंगळवारी नाचणीच्या. मोडाच्या मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ. मेथी, शेपू, चवळई, जी पालेभाजी ताजी असेल ती. काकडी-गाजराची कोशिंबीर, वर दाण्याचं कूट. जवसाची किंवा कारळाची चटणी. घट्ट वरण, आणि लिंबाची फोड. ही फोड शोभेची नाही. भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला आंबट मदत करतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की तेच लोह वाया जातं. चहा तासाभराने घ्या. एवढं एक केलं तरी पुष्कळ झालं.

मैत्रिणींनो, यात एकही वस्तू नवी नाही. आपल्या आजीच्या ताटात हे सगळं होतं. फक्त आजी शेवटी जेवायची, आणि तोवर भाजी संपलेली असायची.

तुमच्या दारात कुणी असा डबा, पावडर किंवा रस विकायला आलं तर तीन गोष्टी विचारा. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे का? यात डाळ, कडधान्य किती आहे? आणि गोळ्या घेणाऱ्या माणसाने हे खायचं की नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर चहा पाजून परत पाठवा.

आणि पुढच्या बैठकीत एक काम करा. हप्ते जमा झाले की वही मिटू नका. प्रत्येकीने काल रात्री आपल्या ताटात काय होतं ते खरं खरं सांगायचं. आणि कुणाला कोणती गोळी चालू आहे तेही. ज्या मावशीला वाटतं की सांगितलं तर काम जाईल, तिला आधी सांगा की काम जाणार नाही. आमच्या मावशी आजही पहाटे पाचला येतात. फक्त आता आधी भाकरी खातात, मग गोळी, आणि मग लाटणं हातात घेतात.

आमचं एवढंच. पोटभर जेवा, सुखी राहा. नमस्कार.